म्हणे, चहामुळे!

...नाही पण तुम्हीच सांगा मला, चौऱ्याहत्तराव्या वर्षी माणसाचे केस असे कुळकुळीत काळे असावेत का? असावेत का? बरं, असले तर असू देत, आपल्या बापाचं काय जातंय, पण ते केस घेऊन दिवसभर गल्लीच्या तोंडाशी बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यानं विचारायचं, "काय लाओ झान, कलप का म्हातारबा?" आणि यानं डोकं पुढे करून म्हणायचं, "ओढून बघ! कलप नाही नि बिलप नाही. चहामुळे!" चहामुळे! अहो, हे छाओझो शहर आहे, इथे नळाला पाणी नसेल पण चहा नसेल असं घर नाही, मीही जन्मभर तोच पितोय, मग माझ्या डोक्यावर ह्या पांढऱ्या शेवया कुठून आल्या?

मी जळत नाही हं. नुसतं सांगतोय.

आणि कुठला चहा, तर बदकाची शी! हसू नका, नावच आहे ते. फेंगह्वांग डोंगरावरचा फुलासारख्या वासाचा चहा, आणि ज्याच्या मळ्यात तो पहिल्यांदा उगवला त्यानं म्हणे मुद्दाम घाणेरडं नाव ठेवलं, का तर रोपं कुणी चोरू नयेत! आता असलं नाव घेऊन हा माणूस सकाळी सकाळी ओरडतो, "या या, बदकाची शी प्यायला या!" आणि लोक जातात! पळत जातात!

पूर्वी ही चहाची बैठक माझ्या दारात होती, तुम्हाला सांगतो. माझ्या! चिनीमातीच्या कारखान्यात मी पेल्यांना झिलई द्यायचो, पेला कसा धरावा हे मी शिकवलं ह्या गल्लीला. न्हावी लिआओ माझ्याकडे, फांग शिंपी माझ्याकडे, पहिला घोट घेतला की सगळे डोळे मिटून "आहाहा" करायचे. आणि एक दिवस हा झान पाच मजले चढून गेला. एवढंच! कुणाचं तरी पार्सल घेऊन पाच मजले चढला आणि वर जाऊन धापा टाकल्या नाहीत. झालं! दुसऱ्या दिवशी लिआओ त्याच्या दारात. "लाओ झान, माझं पोट बघ हो, काय पिऊ?" की हा झाला वैद्य! डोळे बारीक करून, हनुवटी खाजवत, असा... असा नाकातून बोलतो, "लिआओ, तुला युन्नानचा मुरवलेला पु-अर चहा. कढईचं तेल जसं गरम पाण्यानं सुटतं ना, तशी चरबी सुटेल." फांगला शिवताना दिसत नाही, त्याला शेवंतीचा चहा. कुणाला अंगात उष्णता, त्याला पांढरा चहा, जितका जुना तितका थंड. कुणाला कफ, त्याला संत्र्याची वाळलेली साल घालून. अहो, हा माणूस आयुष्यभर सायकलींची पंक्चरं काढत होता! माणसाच्या आतलं ह्याला काय कळतं?

बरं, गल्ली गेली तर गेली. पण घरातलं माणूस? आमच्या बाओझूबाई, लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या हातच्या चहाला कधी "बरा आहे" म्हणाल्या नाहीत, त्या एक दिवस केस विंचरून, नवा स्वेटर घालून निघाल्या. म्हटलं, "कुठे?"

"जरा झानभाऊजींकडे. माझ्या पोटासाठी त्यांनी जुना चहा काढलाय."

"पोटासाठी स्वेटर कशाला?"

"थंडी आहे."

थंडी! चांगलं ऊन पडलं होतं हो!

मी जळत नाही हं. नुसतं सांगतोय.

मग मीही ठरवलं, ह्याच्यापेक्षा ठणठणीत होऊन दाखवतो. पु-अर आणला, पांढरा आणला, शेवंती आणली, साल आणली, आणि वेळ कशाला घालवायचा म्हणून सगळं रोज प्यायला लागलो. एकेक पेला एवढासा असतो आमच्याकडे, दोन घोटांचा, पण असे किती पेले? विचारू नका. झोप उडाली, पंक्तीत बसलो की पहिला मीच उठायचो, चालताना पोटात पाणी डचमळायचं. बाओझू म्हणाली, "अहो, तुम्ही माणूस आहात की किटली?"

आणि अशात आली दवाखान्याची तपासणी. आमच्या वस्तीत म्हाताऱ्यांची फुकट तपासणी होते, सगळे उपाशीपोटी रांगेत, आणि पुढे झान, त्याचे ते केस घेऊन. डॉक्टरीणबाई अगदी तरुण पोरगी, पण आवाज असा की बाहेर भाजीवालीला ऐकू जावा. काही दिवसांनी सगळ्यांना बोलावून कागद वाचते, "श्ये आजोबा, तुमचं सगळं उत्तम! रक्तदाब, साखर, काळीज, सगळं!" मी मागे वळून बघितलं, गल्लीतलं कोण कोण ऐकतंय म्हणून. कुणी ऐकत नव्हतं. कारण लगेच ती म्हणाली, "झान आजोबा, तुम्ही बसा. रक्तदाब फार चढलाय, जठराला सूज आहे. चहा बंद. एक थेंबसुद्धा नाही."

झान तिच्याकडे बघतोय. म्हणाला, "पोरी, पण मग... माझ्याकडे येईल कोण?"

मला वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू? खूप वाईट वाटलं. साधारण दवाखान्याच्या दारापर्यंत.

घरी आलो तो उडतच! खुर्च्या पुसल्या, दारात मांडल्या, शेगडी पेटवली, ट्रेवर पेले लावले, सगळ्यांत चांगला चहा काढला. म्हटलं, आता कुठे जाल? आता इथेच या! बसलो. पाणी उकळलं. पुन्हा ओतलं, पुन्हा उकळलं. लिआओ नाही, फांग नाही, आणि बाओझूला हाक मारली तर बाओझूही नाही!

गेलो बघायला. अगदी सहज. तर सगळी गल्ली झानच्या दारात! आणि तो त्याच थाटात पेले विसळतोय, तसाच वरून गोल गोल फिरवत ओततोय, आणि पेल्यांत काय? पाणी! नुसतं उकळलेलं पाणी! तो चहा पिणार नाही तर आम्हीही नाही, म्हणे. फांग डोळे मिटून म्हणतो, "आहाहा, घशात गोडी रेंगाळते!" लिआओ म्हणतो, "माझं तर पोटच हलकं झालं!" आणि आमच्या बाओझूबाई, दोन्ही हातांत पेला धरून, "भाऊजी, किती मन लावून ओतता हो तुम्ही!" झान हसत होता, पण डोळे पुसायला हात मोकळा नव्हता बिचाऱ्याचा. मी उभा. माझं सगळं उत्तम, रक्तदाब, साखर, काळीज, आणि मी उभा! मला चहा सोडायला लावला असता, तर कुणी आलं असतं असं पाणी प्यायला? आलं असतं का?

तेवढ्यात त्यानं मला बघितलं. आमच्याकडे नवा पाहुणा आला की जुनी पानं फेकून नवी घालतात, मानच असतो तो. झान उठला, भांड्यातलं पाणी ओतून दिलं आणि म्हणाला, "थांबा रे, लाओ श्ये आलाय, ताजं उकळतो."

प्यालो. काय करणार? आणि तुम्हाला सांगतो... गोड होतं हो!

आता गल्लीभर तेच. कुणाची पाठदुखी गेली, पाण्यामुळे. कुणाला झोप लागली, पाण्यामुळे. मी म्हटलं, एवढं काय, पाणी तर आपणही उकळू. तोच नळ, तसंच भांडं, तसाच जाळ. लिआओला बोलावलं, पाजलं. त्यानं एक घोट घेतला, जरा विचार केला, पेला हळूच खाली ठेवला.

म्हणाला, "लाओ श्ये, वाईट वाटून घेऊ नकोस. पण तुझं नुसतं गरम झालंय."