जातील कुठं?

चहा घ्या, सांगतो. निवृत्तीनंतर मी दर मंगळवारी तुरुंगातल्या बंद्यांना बी.ए.चा इतिहास शिकवतो. कॉलेजात माझ्या तासाला बाकं रिकामी असत, इथं वर्ग भरलेला. घरी कौतुकानं सांगितलं, तर बायको म्हणाली, “अहो, जातील कुठं?” तेव्हापासून टोचणीच लागली.

मागच्या महिन्यात माझ्या वर्गातला काष्टीचा दत्तू सजा संपून सुटला. पुढच्या मंगळवारी पाहतो, तर तुरुंगाच्या फाटकाबाहेर उभा!

“अरे, तू सुटलास ना?”

“व्हय सर, पन परीक्षा हाय. आन् आता आत सोडत न्हाईत. राहिलेला धडा हितंच सांगा.”

समोरच्या टपरीवर तासभर शिकवलं. मग धीर करून विचारलं, “दत्तू, खरं सांग, माझ्या तासाला कंटाळा येतो का रे?”

“लई येतो, सर. पुढच्या मंगळवारी हितंच येऊ ना?”