त्रेचाळीस अंगठे, दहापैकी सात

बसा सर, बसा — त्या स्टुलावर नका, त्याचा एक पाय आखूड हाय — हाव, इकडं या, सावलीत. न्हाई न्हाई, मी कुठं नाकारून राहिलो? अक्षर माझंच हाय. खाकी पुठ्ठा, लाल दोऱ्याची शिवण, या लातुरात दुसरं कोन शिवतंय असं? नरसिंग अर्जनवीस म्हंत्यात मला, वीस वर्सं झाली या लिंबाखाली. आन् तुमी इतिहासाचे भीमाशंकर सर, बरुबर? पंचफुलानं काल तुमाला ट्यूटोरियल परत मागितलं आन् तुमाला संशय आला — मार्क पडल्यावर कोन मागतंय कागद परत? — म्हनून आलात. चहा घेता? न्हाई घेत. बरं. पर तो कागद मांडीवरच ठिवा सर, घडी नका घालू.

आता तुमी म्हनाल, अर्जनवीसाचा आन् कॉलेजचा काय संबंध. सांगतो. लातूर येगळा जिल्हा झाला तवा आमाला वाटलं, उस्मानाबादचे हेलपाटे चुकले. जिल्हा आला, पाटी आली, सायब आले — कागद मातर तिकडंच राहिले. त्यात पावसानं दोन सालं दगा दिला. मग काय, सकाळपासून अर्जच अर्ज — विहीर आटली, टँकर द्या, कडबा द्या, खडी फोडायचं काम द्या. आन् त्या खडीवर कोन? तुमचीच पोरं, सर. बी.ए. दुसऱ्या वर्साचा केरबा, किल्लारीकडला, दिवसभर घन मारून आलेला, म्हनला काका, सोमवारपत्तोर अर्थशास्त्राचं ट्यूटोरियल द्यायचंय, पेन धरवत न्हाई, बगा हे फोड. मी बगितलो. लिहून दिलो. पुण्य म्हनूनच केलो पयल्यांदा. मग त्यानं दोस्ताला सांगितलं, दोस्तानं वर्गाला सांगितलं — दिवाळीनंतर इथं बी.ए.ची रांग येगळी आन् टंचाईची रांग येगळी. बी.एस्सी.वाले कुठंबी घुसायचे.

पर माझी एक अडचन हाय. मला जन्मात एकच लिहिता येतं — अर्ज. माझे वस्ताद निजामाच्या कचेरीत होते, ते म्हनायचे, नरसिंग, दुनियेत दोनच मानसं, एक मागनारा आन् एक देनारा. कोन मागतंय, कुनाला मागतंय, कावून मागतंय, एवढं लिहिलं की कागद पुरा. तर मी सगळे विषय त्याच शिरस्त्यात बसवले. अर्थशास्त्र — ‘अर्जदार मागणी, राहणार बाजार, सविनय कळविते की सामनेवाले पुरवठा हे बरेच दिवसांपासून फरार असून, किंमत नावाचा इसम त्याचा फायदा घेऊन वर चढून बसला आहे.’ केरबाला सात पडले. प्राणिशास्त्र — ‘मी खाली सही करणार बेडूक, वय अंदाजे दोन वर्षे, धंदा डबक्यात राहणे, हल्ली मुक्काम मेणाचा ट्रे, लिहून देतो की माझे हृदय तीन कप्प्यांचे असून चिरण्यापूर्वी ते जागेवर होते.’ भूगोलात मोसमी वाऱ्यांना नोटीस काढली — तीन डाव काढली सर, तामीलच झाली न्हाई. हसून राहिले तुमी. हसा. तवा कोनी हसलं न्हाई. सहा, सात, साडेसात — मानसशास्त्राच्या एका मॅडमनी तर शेरा दिला, ‘विषयाची समज चांगली’. मला मानसशास्त्राची समज! घरात बायकोच्या मनातलं कळत न्हाई मला. तवा कळलं — तुमाला म्हनत न्हाई, राग नका धरू — की वाचत कोनी न्हाई. पुठ्ठा बगायचा, पानं मोजायची, खाली ठिकान-तारीख हाय का बगायची. कचेरीतबी तसंच चालतंय, म्हनून मला नवल वाटलं न्हाई. उलट आपल्यातलेच वाटले तुमी लोक.

हाव, तेच सांगून राहिलो, मुद्द्यावरच येतो. आमची वाडी रेणापूरच्या पलीकडं, त्रेचाळीस उंबरे. पंचफुला आमच्या वाडीची, सरजाबाईची लेक — वाडीतून कॉलेजात गेलेली पयली तीच, बाप्यांत धरली तरीबी पयली. गेल्या महिन्यात सरजाबाई आन् माझी माय, गुणाबाई, दोघी घरोघर फिरून अंगठे घेऊन आल्या — विहिरीत चिखल राहिलाय नरसिंग, टँकरचा अर्ज लिही. साऱ्या इलाक्याचे अर्ज मी लिहितो, मायच्या वाडीचा राहिला होता. कावून राहिला? राहिला. घरचं काम, करू उद्या, करू परवा. आन् ज्या दिवशी बसलो, त्या दिवशी अकरा ट्यूटोरियलं द्यायची होती सर, त्यातली चार बेडकाची. एकीकडं वाडी, एकीकडं पंचफुलाचा तुमचा तो तुघलक. माझी रीत काय — आधी सगळ्याला पुठ्ठे शिवायचे आन् मग वर चिठ्ठ्या डकवायच्या. त्या उलट्या लागल्या. दोन्ही पुठ्ठे जाडीला सारखे. दोन्हीत पयली ओळ ‘सेवेशी’. पोरगी उघडून बगती तरी तिला काय कळनार? एक पुठ्ठा तिनं कचेरीत दिला, एक तुमाला.

तर तुघलक कचेरीत गेला. कोन्या कचेरीत, ते नका इचारू, रोज तिच्याच सावलीत बसतो. दुसरं कोनी असतं तर चूक ध्यानात आली असती, कागद फेकून दिला असता. न्हाई सर. आठ दिसांमागं उत्तर आलं, जावक नंबरासकट. पाठ झालंय मला — ‘अर्जदार महंमद वल्द ग्यासुद्दीन तुघलक, राहणार दिल्ली, यांचा राजधानी दौलताबादेस हलविण्याबाबतचा अर्ज तपासला असता सोबत ग्रामसभेचा ठराव व रहिवासी दाखला आढळून येत नाही. सबब अर्जदाराने मूळ कागदांसह समक्ष हजर राहावे.’ मी पळत गेलो. कारकुनाला म्हनलो, बाबा, हा अर्ज परत दे, चुकून आलाय. तो म्हनला, अर्जदारानं येऊन सही करून न्यावा. म्हनलो, अर्जदार मरून सहाशे वर्सं झाली. तर म्हनतो कसा — मग वारसांना आना. वाईट न्हाई तो कारकून, नवा हाय, उस्मानाबादहून टेबल-खुर्चीसंगं आलाय, राजधानी हलवायचं म्हनल्यावर त्याला खरंच वाटलं असंल.

आन् वाडीचा टँकर तुमच्याकडं आला. दहापैकी सात. मी तुमच्या मांडीवर उलटं वाचून राहिलो बगा, तुमचा शेरा — ‘भाषा ओघवती. शेवटच्या पानावर शाईचे डाग, अर्धा गुण कमी. सुचविलेले उपाय अव्यवहार्य.’ डाग म्हंता सर? अंगठे हायत ते. मोजा. त्रेचाळीस. सतरावा जरा पसरलाय ना, तो माझ्या मायचा.

नवा अर्ज? हाव, तुमी बरुबर इचारलं. एका घंट्यात लिहून होईल नवा. पर अंगठे? परत घरोघर जायचं म्हंजे सांगावं लागंल, पयल्याचं काय झालं. मी कोनाला सांगितलं न्हाई. पंचफुलाला सोडून कोनालाच न्हाई. दर ऐतवारी वाडीला जातो, माय इचारती, काय झालं रे — म्हंतो, फाइल पुढं गेली. काय खोटं बोललो? गेलीच की, तुमच्या कपाटात गेली. तिनं काय केलंय म्हाईत हाय? सडकेच्या कडंला घागरी लावल्यात. त्रेचाळीस घागरी, वळीनं, घरागनिक एक — टँकर आला की भांडन नको म्हनून. तीन आठवडे झाले सर. वाऱ्यानं एखादी लवंडली की ती उठून सरळ करती. शेळ्या हाकलती. येनारा-जानारा इचारतो, म्हातारे, काय बसलीस, तर म्हंती माझ्या लेकानं अर्ज केलाय. कोनीच मागितला न्हाई असा टँकर, आन् ती त्याची वाट बगून राहिली. मला लाज वाटती सर. गेल्या ऐतवारी मी वाडीच्या फाट्यावर उतरलोच न्हाई, पुढल्या फाट्यावर उतरून शेतातून घरी गेलो.

पंचफुलाचे मार्क? त्याची फिकीर नका करू. हा कागद माझ्या हातात दिला तर फाइलीत तिचं काय लावायचं, हेच ना? ती तिकडं बसून लिहून राहिली बगा, ग्रंथालयातून तीन पुस्तकं आनलीत. आधीच म्हनली होती ती मला, काका मी लिहिते. मीच म्हनलो, तुला काय जमनार. सांजेपत्तोर देईल तुमाला. त्यात ‘सेवेशी’ नसंल. चार मार्क द्या, दोन द्या, पर तिचे द्या.

उद्या दुपारी टंचाईची यादी बंद व्हनार. आज हा पुठ्ठा आत गेला तर वाडीचं नाव लागंल. पर सर — दोरा नका सोडू — नुसता परत देऊन भागत न्हाई. तुमी ती लाल शाई वापरली ना. कचेरीत लाल शाई फक्त सायबाची. लाल शाईत ‘अव्यवहार्य’, खाली झोकदार सही — कारकून म्हनंल, वरून नामंजूर होऊनच आलाय, आन् गठ्ठ्यात टाकंल. मी ते खोडलं तर गुन्हा. तुमी खोडलं तर दुरुस्ती. तुमचाच पेन, तुमचीच सही, एका शब्दाचं काम हाय.

एकदा दिलेला शेरा बदलत न्हाई म्हंता. पटल्याशिवाय बदलत न्हाई. बरं. बरुबर हाय, मास्तरानं असंच असावं. मग मी इचारतो — तुमाला त्यातलं काय अव्यवहार्य वाटलं? कोनता उपाय? न्हाई, सांगा ना. किती टँकर मागितलेत आमी? ...आठवत न्हाई. दुसऱ्या पानावर हाय.

राहू द्या सर, मी सांगत न्हाई. मी लई बोलतो, आन् माझ्या बोलन्यावर तुमी काय मत देऊ नका. उघडा ते. ‘सेवेशी’पासून वाचा, सावकाश वाचा, पेन हातातच ठिवा. अंगठ्यांचं पान शेवटी हाय. तितपत्तोर मी गप बसतो.