मॅडमचा जन्मभराचा उपास

म्हणजे उपास नाहीच तुमचा? थांबा — थांबा मॅडम, ते राजगिऱ्याच्या पिठाचं पाकीट खाली ठेवा अन् मले नीट समजवून सांगा. नवस नाही, चतुर्थी नाही, गुरुवार नाही, काहीच नाही? निस्ता गहू चालत नाही? गहू खाल्ला की पोटात आग पडते? डाक्टरनं लहानपणीच बंद केला? बाप्पा! अन् हे तुम्ही आज सांगून राह्यल्या — रविवारी भजनी मंडळाच्या बायकांनी तुमचा सत्कार ठेवला तवा! शाल आणून झाली, नारळ आणून झाला, देवळाच्या फळ्यावर मीच माह्या हातानं खडूनं लेहलं — जर्मनीच्या जोहाना मॅडम यांचे कठोर व्रत — अन् व्रत कुठं हाये, तर नाहीच! बसा जी, त्या स्टुलावर बसा. दुपारचं गिऱ्हाईक नसते. पाणी घ्या. पाणी तं चालते ना?

नाही, तुमची चूक नाही. चूक नानाजीची, म्हणजे माहीच. तुम्ही आल्या तो पहिला दिवस मले चांगला आठवते. सेंद्रिय कापसाच्या कामावर मिस्टरसंगं येऊन तुम्हाले चारच दिवस झालते. मराठी तुमची पुण्याची, पण चालून जाते. मोबाईल माह्यासमोर धरला, त्यात फोटो — कायचे कायचे डबे, कायच्या कायच्या पिशव्या. हे हाये का? नाही. ते हाये का? नाही. बदामाचं दूध — आता बदामाले कुठून दूध येईन, मी म्हणलं म्हशीचं देतो! आदल्या दिवशी तुम्ही नागपूरले जाऊन आलत्या, एका मॉलातून दुसऱ्या मॉलात फिरल्या, अन् बिस्किटाचा एक पुडा घेऊन वापस पांढरकवड्याले. तोंड असं झालतं तुमचं — आता रडते का मंग रडते. अन् मंग तुमची नजर गेली त्या कोपऱ्यातल्या फळीवर. राजगिरा, शिंगाड्याचं पीठ, भगर, साबुदाणा, शेंगदाणे, खजूर. एकेक पाकीट उलटंपालटं करून वाचलं, अन् जत्रेत हरवलेल्या लेकराले माय दिसावी तसं तुमचं तोंड फुललं. सगळी फळी उचलली तुम्ही!

आता मले सांगा, ती फळी कायची? उपासाची. एकादशी-शिवरात्र सोडून तिच्याकडं कोणी ढुंकून पाहत नाही. अन् एक बाई सोमवारी भगर नेते, बुधवारी शिंगाडा नेते, शुक्रवारी पुन्हा राजगिरा नेते — मी काय समजू? बरं, मी इचारलं बी. म्हणलं, गहू बंद? तुम्ही म्हणल्या, बंद. म्हणलं, किती दिवस? तुम्ही म्हणल्या — जन्मभर! अव, अंगावर काटा आला माह्या. आमचे लोक सोळा सोमवार करता करता थकतात, अन् ही बाई सातासमुद्रापलीकडून येते काय अन् जन्मभराचा उपास धरते काय!

मंग सांगतलं मी सगळ्याइले. माह्या पोटात काही राह्यत नाही, भागीरथा — माही मंडळी — नेहमी म्हणते. आमच्या शेजारची शकुबाई बस स्टँडवर तुमच्या पाया पडली, ते काहून वाटलं तुम्हाले? अन् तुम्ही बी उलट तिच्या पाया पडल्या! तिनं गावभर केलं, एवढं व्रत पण गर्व म्हणून नाही बाईले. मधात त्या कपिलनं, अंडेवाल्यानं, येऊन सांगतलं, काका, तुमच्या मॅडमनं डझनभर अंडे नेले. मी काय म्हणलं? म्हणलं, विदेशात अंडं उपासाले चालत असन! हसू नका, आमच्याकडं बी एका घरी कोथिंबीर चालते, दुसऱ्या घरी नाही चालत, घरोघरचे नेम असतात — तुमच्या घरचा अंड्याचा. माणसानं एकदा समजून घेतलं ना मॅडम, की मंग सगळंच त्यात बसते.

अन् ज्वारी? ज्वारी चालते ना तुम्हाले? चालते! अरे देवा. तुम्ही ज्वारीच्या पिठाले हात लावला, तवा मीच ते पाकीट तुमच्या हातातून ओढून घेतलं. म्हणलं, हे अजिबात नाही चालत मॅडम, माह्या दुकानात तुमचं व्रत मोडू देणार नाही! तुम्ही गुमान ठेवून देल्लं — तुम्हाले वाटलं असन, गव्हाच्याच चक्कीवर दळलं. भाकरीच्या मुलखात आणून मी तुम्हाले भगर खाऊ घातली. हसा, हसा. मले बी हसू येऊन राह्यलं, पण पुरं येत नाही, काहून का तुमच्यापायी माह्या घरात एक घोळ होऊन बसला.

भागीरथेनं बी उपास धरला हो. अठरा दिवस झाले. सकाळी चहा, दुपारी वाटीभर भगर, बस. इचारलं काहून, तर पदर खोचते अन् कामाले लागते. मंग मीच समजून घेतलं — तुमचं पाहून धरला, दुसरं काय! परवा नळावर चक्कर येऊन पडली, शकुबाईनं धरून घरी आणली. बांगड्या पाहा तिच्या, हात वर केला की कोपराले जातात. ती मले वाढते, समोर बसते, अन् मी एकटाच खातो. भेव वाटते मॅडम, खरं सांगतो. म्हणून आज तुम्ही माह्या घरी चला. तिले सांगा, हे व्रत नाही, बिमारी हाये. अन् दोघी मिळून भाकर खा. घरी छोटी चक्की हाये, तिच्यात ज्वारीशिवाय काहीच पडत नाही. भरलं वांगं करू, जवसाची चटणी करू. तुमचं सुटलं म्हणल्यावर तिचं बी सुटन.

मागणं? देवाजवळ मागणं काय असन तिचं — सुरभी, दुसरं काय. पोरगी आमची, एकुलती एक. हॉलंडले असते, तुमच्या बाजूलेच ना? बाजूलेच. ती बी पहिल्यांदा अशीच फिरली — सायकल घेऊन ह्या दुकानातून त्या दुकानात, तुरीची डाळ भेटते का, ज्वारीचं पीठ भेटते का. शेवटी एका आरोग्याच्या दुकानात भेटलं म्हणे, एवढंसं पाकीट, औषधासारखं. तिथंच उभ्या उभ्या रडली. हे मले नाही सांगतलं तिनं, मायले सांगतलं. मी बोलत नाही तिच्याशी. आठ महिने झाले. काहून म्हणजे — नेरच्या पाव्हण्याइले मी शब्द देल्ला होता. पोरगा चांगला, घर चांगलं, वावर-शिवार सगळं. तिले इचारलं होतं का? नाही इचारलं. बापानं शब्द देल्ला म्हणजे देल्ला, त्यात इचारायचं काय? तिनं फोनवरच नाही म्हणलं. चार लोकात माही मान खाली गेली. मी म्हणलं, आजपासून मले फोन करू नको, अन् तिनं बी नाही केला, माह्याच वळणावर गेली. दर रविवारी मायले करते. भागीरथा फोन घेऊन आंगणात जाते अन् मी टीव्हीचा आवाज मोठा करतो. म्हणजे लोकाइले मी तसं सांगतो. कमी करतो. मोठा केला तं ऐकू काय येईन? अन् माय तिले पार्सल धाडते ना — ते मीच बांधतो, भागीरथेले चिकटपट्टी नीट लावता येत नाही. तिखट, डाळ, सगळं दोन-दोन पिशव्यात. तुम्ही त्या दिवशी मोबाईल धरून इथं उभ्या होत्या ना, अन् मी नाही, नाही, नाही म्हणून राह्यलो होतो — तवा मले वाटलं, तिथं बी कोणी दुकानदार माह्या पोरीले असाच नाही, नाही म्हणला असन. लय वाईट वाटलं मले. तवापासून ती फळी मी कधी रिकामी होऊ देल्ली नाही. जाऊ द्या. बोलता बोलता माणूस कुठल्या कुठं जाते. मंग, येता ना घरी?

काय? माहीत हाये? कोणाले — भागीरथेले माहीत हाये, तुमचा उपास नाही म्हणून? कोणं सांगतलं? तुम्हीच? कधी? पहिल्याच हप्त्यात! म्हणजे तुम्ही घरी जाऊन आल्या — मी इथं दुकानात असताना? चार वेळा? अन् भाकर खाल्ली! वांगं बी! चटणी बी! म्हणजे मी इथं मोठ्या इमानदारीनं ज्वारी ओढून ठेवतो अन् तिकडं मागच्या दारानं तुमच्या पंगती उठून राह्यल्या! वा जी वा. नवऱ्याले फळ्यावर लेहू देल्लं तिनं, अन् एका शब्दानं बोलली नाही.

पण थांबा — थांबा जरासं. तुमचा उपास नाही हे तिले माहीत हाये, तं मंग ती कोणाचं पाहून उपाशी राह्यली? ... सांगतलं तुम्हाले? तुम्हाले सांगतलं अन् मले नाही? हो, बरोबर हाये, नवस घरच्या माणसाले सांगत नाहीत, सांगतला तं फळत नाही. बाहेरच्या माणसाले सांगतला तं चालत असन. सांगा. नाही, आता सांगाच तुम्ही. सुरभी वापस यावी म्हणून? — नाही? तिचं लग्न व्हावं म्हणून? — ते बी नाही? मंग हाये तरी कायसाठी?

माह्यासाठी?

मी बोलावं म्हणून. सुरभीशी, माह्या तोंडानं. तोपर्यंत अन्न नाही. अठरा दिवस... अन् मी रोज तिच्या हातचं वाढलेलं जेवून राह्यलो, वरून तिले म्हणतो, मॅडमचं पाहून तुले काय खूळ लागलं. अठरा दिवस, मॅडम. एक फोन करायले.

तुम्ही मले काही सांगतलं नाही, समजलं? मी काही ऐकलं नाही. घरच्या माणसानं ऐकलं तं फळत नाही. माह्याच मनात आलं, आज, आत्ता, दुकानात बसल्या बसल्या. किती वाजले? साडेबारा. तिथं साडेतीन तास मागं — नऊ. ऑफिसले निघत असन. नंबर? नंबर लागत नाही मले, पाठ हाये. तो चष्मा द्या इकडं. बेल वाजून राह्यली. नाही उचलत. कामात असन. संध्याकाळी — हॅलो?

हॅलो. मी बोलतो. मी म्हणजे मी, तुहा बाप. — नाही, काही झालं नाही, कोणाले काही झालं नाही, माय घरी हाये, चांगली हाये — कोणी नाही करायले लावला, मीच केला, माह्या मनानं. — काय नेर? नेरचं जाऊ दे चुलीत, मी तुले इचारायले पायजे होतं, माही चुकी झाली — ए सुरभे, रडू नको ना, रस्त्यावर हायेस ना तू? मी बी दुकानात हावो, गिऱ्हाईक हाये समोर — नाही, मी कायले रडू? — जाय बेटा तू आता. तू नाही सुरभी, तू बोल — मॅडम, तुम्हाले म्हणलं. जाय पोरी, घरी जाय, भागीरथेले म्हण दोघींसाठी भाकरी टाक. जाय ना.