भट्टीपुढे उभ्या राहिलेल्या मोहिनीताई

आदरणीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आजच्या सत्कारमूर्ती मोहिनीताई, त्यांच्या आजी-माजी विद्यार्थिनी, आणि दाराजवळ उभे राहून चहाचा अंदाज घेणारे माझे शिक्षकबंधू,

आमच्या कलाशिक्षिका आज निवृत्त होत आहेत. गुणगौरव आधीच्या वक्त्यांनी यथासांग केला. मी भूगोलाचा मास्तर. आपल्या मागच्या मैदानात घडलेलं तेवढं सांगतो.

साल दोन हजार एक. उत्खननात निघालेलं, हजारो वर्षांपूर्वीचं तोटीचं भांडं ताईंनी संग्रहालयात पाहिलं आणि त्यांची झोप उडाली. घाट तोच घडवायचा, पण अंगावर नक्षी कशाची? तर कारल्याची! त्या दिवसांत ताईंच्या डब्यात कारल्याची भाजी नसे, अख्खं कारलं असे. आम्ही जेवायचो, त्या त्याच्याकडे बघत बसायच्या. मुलींनीही शिंपले, पिंपळपानं, गोगलगायी मातीत उतरवल्या. मैदानात विटांची भट्टी उभी राहिली.

पेटवली, आणि वारा फिरला. सगळा धूर शेजारच्या नवसाबाईंच्या पापडांवर! त्यांनी थेट फोन केला, "शाळा पेटली!" सातपूरहून बंब आला. त्याची घंटा ऐकून पाचवी 'ब' दप्तरं घेऊन घरी निघाली.

बंबाचे प्रमुख जमील शेख. त्यांनी पाइप रोखला, तर समोर ताई हात पसरून उभ्या.

"बाई, बाजूला व्हा! आग लागलीय!"

"लागलेली नाही, मी लावलीय!"

"मग विझवतो."

"थेंब पडला तरी सगळी भांडी तडकतील. पोरी वर्षभर राबल्यात. आधी माझ्यावर पाणी मारा!"

आता सांगा, अशा बाईपुढे सरकारी पाण्याचं काय चालणार? जमीलभाईंनी भोवतालचं वाळलं गवत तेवढं भिजवून घेतलं. मग ताईंनी त्यांना भट्टीच्या झरोक्यातून आत पाहायला लावलं. लालभडक उजेडात भांडी शांत उभी होती.

"बाई," ते हळूच म्हणाले, "आम्ही पोचतो तोवर सगळं गेलेलं असतं. आगीत काही तयार होताना पहिल्यांदा बघतोय."

भट्टी उघडली त्या दिवशी ते रजा टाकून आले. काही भांडी तडकली होती; तोटीचं सलामत. मुख्याध्यापकांनी विचारलं, "पण याचा उपयोग काय?" ताईंनी भांड्यात पाणी भरून ते तिरकं केलं. पाणी तोटीतून आलं नाही, तोटीच्या सांध्यातून आलं, आणि सरांच्या नव्या पॅन्टवर आलं. सर, आपण पहिल्या रांगेत आहात. आपण तेव्हा फार समजूतदारपणे वागलात, एवढंच नमूद करतो.

ताई आता वणीजवळ स्वतःची कार्यशाळा काढताहेत. भट्टी कोण सांभाळणार? सेवानिवृत्त जमील शेख! जन्मभर आग विझवली, आता लाकडं घालणार. त्यांच्या पत्नी जहिदाभाभींची अट एकच: घरच्या शेगडीला हात लावायचा नाही.

ताई, त्या मैदानात उद्यापासून पोरं क्रिकेट खेळतील. मला ते मुळीच आवडणार नाही.

आपण ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात कुठे कमी-जास्त झालं असेल, तर ते पोटात घाला. बाहेर चहा आहे. कप मुलींनी स्वतः घडवलेत; तेव्हा मंडळी, जरा भराभर प्या.