पाच पॉइंट एक

गौरवी : तो स्क्रीनच्या कोपऱ्यातला स्पीडचा आकडा परत एकदा वाचा, मामा. मोठ्यानं.

भिकाजी : पाच पॉइंट एक. चष्मो नाय लावलंय तरी दिसता. घोडो कसो पळता गो तुझो प्रोसेसर. आता चाय टाक.

गौरवी : पळतो ना? मग वाळपईच्या लग्नाचा सव्वा तासाचा व्हिडिओ तयार करून द्यायला दोन तास दहा मिनिटं का घेतो? तुम्ही स्पीड वाढवायच्या आधी पण दोन तास दहाच घ्यायचा.

भिकाजी : गरम होत असतलो. गरम झालो काय आपलो आपण हळू चलता. माणसासारखोच. तुझो बापूस बघ, मे महिन्यात पायरी उतरणा नाय.

गौरवी : मोठा पंखा बसवला, तुम्हीच सांगितलात म्हणून. त्याच्याखालची पेस्ट पुसून नवी लावली. कॉम्प्युटरचा डबा उघडा ठेवून वाऱ्याला जनेलाकडे सरकवला. हा टेबलफॅन आईचा. चार दिवस ती दुपारची पुठ्ठ्यानं वारा घेते. हात लावून बघा, डबा थंड आहे.

भिकाजी : मगे रॅम बघूक होयी.

गौरवी : बदलली.

भिकाजी : वोल्टेज जरा चढवूया?

गौरवी : ते तुम्ही शिगम्यातच चढवून गेलात म्हणालात. ऐका आता. काल कुरियरनं नवा प्रोसेसर आला. जुना काढून मी माझ्या हातानं बसवला.

भिकाजी : नवो? कित्याक हाडलंस? माका विचारूक नाय?

गौरवी : जुना खोटा म्हणून. डिचोलीच्या दुकानातल्या सागरनं वापरलेला माल नवा म्हणून आमच्या गळ्यात मारला म्हणून. तुमच्यासमोरच तर बोलत होतो आम्ही. आता मला एवढंच सांगा. हा नवा प्रोसेसर कंपनीतून येतो तसाच आहे, त्याचा स्पीड अजून कोणी वाढवलेला नाही. मग तुमचा हा स्पीडचा काटा त्याचे पण पाच पॉइंट एक कसे दाखवतो?

(भिकाजी उठतो, टेबलफॅन बंद करतो.)

गौरवी : बंद का केलात?

भिकाजी : आवशीक नेऊन दी. हय तेची गरज नाय. कधीच नव्हती.

गौरवी : मामा.

भिकाजी : तो काटो नाय गो. चित्र असा. मी बनवलंय. पाच, पाच पॉइंट एक, परत पाच, असा हलता चित्र. स्पीड मी वाढवलोच नाय. तुझ्या मदरबोर्डावर तो वाढणाच नाय, पयल्या दिवशी उघडून बघितलंय तेव्हाच कळला.

गौरवी : मग तेव्हाच सांगायचं.

भिकाजी : शिगमो होतो. तुका माहीत असा आमच्या वाड्यावर काय चलता. कोणाची शिडी पळवतत, कोणाची खाट देवळासमोर नेऊन ठेवतत. गेल्या वर्षी शांतारामाची स्कूटर मी होडीत बसवलंय, तो नदीकाठी दोन तास फिरलो. पण शिगमो संपायच्या आधी येऊन सांगूचा, बाबा, ही मस्करी माझी. मगे ज्याची खोडी काढली तो पण हसता. तसाच तुका सांगणार होतंय.

गौरवी : आलातच नाही.

भिकाजी : इलंय होतंय. शेवटच्या दिवशी. तू घावणे करत होतंस, आणि तुझ्या मामीक फोनवर सांगत होतंस, मामांच्या हाताला गुण आहे, आता अर्ध्या वेळात काम होतं. माझ्याकडे बघून हसलंस. मी चार घावणे खाल्लंय आणि घरी गेलंय.

गौरवी : अर्ध्या वेळात होत नव्हतं ते.

भिकाजी : नाय.

गौरवी : मी घड्याळच बघितलं नव्हतं. आकडा बघत होते. आणि सगळ्यांना सांगत होते.

भिकाजी : तुझी चूक नाय ती.

गौरवी : घड्याळ लावलं पंधरा दिवसांनी. तेव्हा तुम्हाला फोन केला. म्हटलं, मामा, विंडोजमध्ये बघितलं तर तीन पॉइंट सहा दिसतात. आठवतं तुम्ही काय म्हणालात?

भिकाजी : आठवता.

गौरवी : बोला ना मग.

भिकाजी : म्हटलंय, विंडोज जुनो आकडो धरून बसता, तेका विचारू नको. प्रोसेसरच कसलो तरी असतलो, दुकानात विचार.

गौरवी : ती पण शिगम्याची मस्करी?

भिकाजी : नाय. ता खोटा बोललंय.

गौरवी : तुमच्या त्या एका वाक्यावर बाबा आणि मी डिचोलीला गेलो. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती. बाबांनी सागरला सगळ्यांसमोर काय काय म्हटलं ते मी सांगणार नाही. मी मागं उभी राहून मान हलवत होते. तो डबा आत घेऊन गेला, पंधरा मिनिटांनी आणून ठेवला. म्हणाला, प्रोसेसर बरोबर आहे, नवाच आहे. बाबांनी विचारलं, मग स्पीड गेला कुठं? तर तो गप्प. बाबा परत विचारतात, तो परत गप्प. मालकाला वाटलं, गप्प बसला म्हणजे हाच चोर. दुसऱ्या दिवशी काढून टाकला त्याला.

भिकाजी : कळला माका तेव्हा.

गौरवी : कळलं होतं? आणि?

भिकाजी : आणि काय. मनात म्हटलंय, दोडामार्गचो माणूस, हुशार असा, खयय कामाक लागात.

गौरवी : लागला. तुयेच्या एका कारखान्यात, पॅकिंगला. बारा वर्षं मशीन उघडणारा माणूस, आता खोक्यांना टेप लावतो. फोन लावा त्याला.

भिकाजी : आता कामावर असतलो.

गौरवी : दोनला सुटते शिफ्ट. अडीच वाजलेत.

भिकाजी : तू लाव. मी बोलतंय.

गौरवी : नाही. तुमच्या फोनवरून. स्पीकरवर ठेवा.

सागर (फोनवर) : हां, बोला भिकाजीभाऊ. बसची वाट बघतंय. परत कोणाचो प्रिंटर अडकलो काय?

भिकाजी : सागर, मी गौरवीकडे असंय. ती पण ऐकता. तिच्या मशीनचा ता… तो जो स्पीडचो काटो असा ना, तो खरो नाय. मी घातलेलो. मस्करी म्हणान. तुझो प्रोसेसर चांगलो होतो. तुझी कायच चूक नव्हती, आणि ह्या माका पयल्यापासून माहीत होता.

सागर : काटो खोटो ता माका त्याच दिवशी दिसला. आत नेऊन बघितलंय तर नुसता चित्र.

गौरवी : सागरदादा, मी गौरवी. तुम्हाला कळलं होतं, तर तिथंच बोलला का नाहीत?

सागर : माका वाटला, तुम्हीच लावलास ता.

गौरवी : मी?

सागर : लग्नाचो धंदो तुमचो. गिऱ्हाइक घरी येता, मशीन बघता. मोठो आकडो दिसलो तर बरा वाटता तेंका. म्हटला, पोटासाठी केला असतला पोरीन. आता तुमचो बापूस समोर उभो, बाजूक चार लोक. तेंच्यासमोर मी कसा सांगू, तुमच्या चेडवान खोटो आकडो लावलो हा म्हणान?

गौरवी : म्हणून गप्प बसलात?

सागर : मालक एका दिवसात काढीत असा काय वाटला नव्हता.

गौरवी : मी तुम्हाला चोर म्हटलं, दादा. तोंडानं नाही, पण म्हटलंच.

सागर : मी पण तुमका मनात लबाड म्हटलंयच. सोडा.

भिकाजी : सागर, मी उद्या डिचोलीक जातंय. मालकाक सांगतंय, सगळी गिऱ्हाइकां असताना.

सागर : तेना दुसरो माणूस ठेवलो हा. साखळीचो. तेकाय घरदार असा, भाऊ. तेका काढून माका घेऊ नको म्हणा.

भिकाजी : तरी सांगतंय. तुझा नाव तरी साफ होऊ दे.

सागर : सांगा. पण सांगताना हसू नकात. तुमका सगळे ओळखतत. हसलात तर तेंका ह्या पण खरा वाटूचा नाय.