रिकाम्या पोटाची लाट

...नाही डॉक्टर, बेल नका वाजवू — खिडकीतून बघितलं तुम्हाला, म्हणून तर आधीच दार उघडलं — इथंच थांबा पायरीवर, हळू बोलू, हे आत ऐकत बसलेत. काय म्हणजे? ठमीच्या पोटाला कान लावून! तुम्ही काल सांगून गेलात ना, पित्ताची नळी पुरती तुंबलीय, कुत्रीचं वय झालं, ऑपरेशन झेपायचं नाही, उद्या येऊन इंजेक्शन देतो, सुटेल बिचारी — मी मान डोलावली, ह्यांनी नाही. अहो, ज्यानं अख्खी नोकरी जनावरांच्या कॉलेजात कुत्र्यांची पोटं तपासण्यात घालवली, त्याला तुम्ही नळी शिकवणार? मलासुद्धा पाठ झालंय — लग्न झाल्यापासून ऐकतेय, तेही जेवताना. पोट रिकामं असलं तरी आतडं झोपत नाही, दर थोड्या वेळानं जठरातून लाट निघते, सगळं झाडत खाली जाते, आणि ती यायच्या बेतात असली की पित्ताशय जरासं आवळतं, नळीचं तोंड सैल पडतं, पित्त सुटतं. आतडं आणि नळी, एकमेकांवाचून पान हलत नाही म्हणे त्यांचं. आमचं दोघांचं तसं कधी जमलं नाही — ते जाऊ द्या.

तर काल तुम्ही गेल्यापासून बसलेत जमिनीवर. आतडं चालू आहे तोवर नळीही उघडेल म्हणाले, लाटेची वाट बघायची. ती खात नाही म्हणून हेही खाईनात — चहासुद्धा नाही. मधूनच खुणेनं मला गप्प करतात, ‘ऐक, आली’ म्हणतात, आणि चेहरा असा उजळतो — मूल झालं असतं तर तेव्हा उजळला असता तसा — मी आपली बघत राहते. नाही, नाही झालं आम्हाला. तुम्हाला ठाऊक नव्हतं? असो.

सकाळी मीही कान लावला, ह्यांच्या शेजारी टेकून. आणि गुरगुर ऐकू आली हो, खरंच आली — म्हटलं, सुटली बाई नळी! मग तिच्या पोटावर हात ठेवला, तर गार. लाकूड झालीय डॉक्टर. पहाटेच गेली असणार. आवाज ह्यांच्या पोटातला होता. कालपासूनचं उपाशी पोट, गुरगुरणार नाही तर काय करेल? जन्मभर ज्यानं तेच ऐकलं, त्याला स्वतःचं पोट ओळखू येईना — की येतंय, आणि मलाच फसवतायत, देव जाणे.

सांगू कशी मी? ह्यांनी चार घास खाल्ले तर आवाज थांबेल, मग कळेल. न खाल्ले तर हेही तिच्या मागोमाग — ह्या वयात किती दिवस निघणार? मला दोन्ही बघवणार नाही. तुम्ही तरी काय सांगणार म्हणा, तुम्ही जनावरांचे डॉक्टर. ती पेटी बंद करा आधी. इंजेक्शन आता कुणाला देणार? — श्श. हाक मारतायत. आली म्हणतायत.

हो, आले! ऐकू आली मलाही!

जा तुम्ही. फाटक ओढून घ्या जाताना.