मसणवट्यातला निरोप

हसू नका, पण मसणवटा हा शब्द आमच्या आईनं घरात कधी काढू दिला न्हाई. प्रेतं जाळायची जागा ती, पण कुणी वारलं की आई म्हणायची, "नदीवर नेलं म्हणा, तेवढं बास." आता तिथं पाटीवर 'स्मशानभूमी' लिहिलंय, पण भ्या वाटतंय ते जुन्याच नावाचं.

तर होळीला गल्लीतनं शेणी, म्हणजे गोवऱ्या, गोळा केल्या आणि चितेसाठी दान म्हणून तिथं पोचवायला मीच गेलतो. टेम्पो रिकामा झाला, तिथं चिता रचायचं काम करणाऱ्या मामांनी चहा पाजला. उठताना सवयीनं बोलून गेलो, "बरं मामा, येतो."

मामांचा चेहराच उतरला. "पावणं, हितनं जाताना तसं म्हणत न्हाईत. गुमान निघायचं असतंय."

आठ दिवस मोटारसायकलला हात लावला न्हाई. छातीत जरा कळ आली तरी वाटायचं, आलं बोलावणं. आईला सांगायची तर सोयच नव्हती.

नवव्या दिवशी राजारामपुरीत माझ्या दुकानात मामा हजर! साबण घेतला, पिशवी उचलली आणि दारात वळून हसत म्हणाले, "बरं पावणं, येतो."

त्यावर 'या' म्हणायचं असतंय. माझी जीभच उचलंना.